वळणावरची माती

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वळण होतं, आणि त्या वळणावर एक माणूस रोज सकाळी घमेलंभर माती टाकायचा. पेरणीला बी टाकावं तसा हात फिरवत, मुठीमुठीनं. डांबरावर पिवळा मुरूम नीट पसरला की दोन पावलं मागं सरून बघायचा, मग सावकाश आपली जुनी जीप काढायचा. त्या मातीवरून जीप वळली की मागची चाकं हलकेच घसरायची, सर्र असा आवाज यायचा, आणि हा माणूस समाधानानं मान हलवायचा. त्याला सगळी गल्ली मातीवाले मामा म्हणायची. त्याचं खरं नाव मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी कळलं, आणि कळलं तेव्हा ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन सोलापुरात आले. सकाळी जाग यायची ती यंत्रमागांच्या खटखटाटानं. डोळे अजून मिटलेले असायचे, खिडकीतून ऊन पायांवर आलेलं असायचं, आणि त्या खटखटीच्या मधून कुठून तरी सर्र यायचं. माहेरी ओढ्याचं पाणी वाळूवरून असंच जायचं. त्या अर्धवट झोपेत मला रोज क्षणभर वाटायचं, आपण माहेरीच आहोत. मग सासूबाईंचा आवाज यायचा आणि माहेर विरघळून जायचं.

सासूबाईंचं आणि मामांचं त्या मातीवरून रोजचं भांडण. आमच्या ओट्यावर पापड वाळत घातलेले असायचे आणि वाऱ्यानं धूळ नेमकी तिकडंच यायची. सासूबाई कमरेवर हात ठेवून विचारायच्या, “ओ मातीवाले! आमच्या पापडाला मीठ कमी पडलं म्हणून माती घालताय व्हय?”

“आक्का, पापड परत लाटता येतो,” मामा म्हणायचे. “एक्सल न्हाय लाटता येत.”

“मग तुमचा एक्सल आणा की हितं वाळत घालायला. मी राखण बसते!”

आता तुम्ही विचाराल, एक्सलचा आणि मातीचा काय संबंध? मलाही कळत नव्हतं, मामांनीच सांगितलं. बाया फेर धरतात तेव्हा आतली जागच्या जागी पावलं टाकते आणि बाहेरचीला धावावं लागतं, बघा. गाडी वळताना मागच्या दोन चाकांचं तसंच असतं. म्हणून त्यांच्या मधोमध एक गोल पेटी असते, ती ज्याला त्याला आपापल्या चालीनं फिरू देते. मामांनी त्या पेटीतले दाते वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवून टाकले होते. दोन्ही चाकं फिरणार ती एकदमच, फिरणार तेवढीच. चिखलात तशी गाडी राक्षसासारखी ओढते. पण कोरड्या डांबरावर वळायचं म्हटलं की एक चाक दुसऱ्याला फरफटत नेतं आणि त्या ओढाताणीत मधला लोखंडी दांडा, म्हणजेच एक्सल, झिजतो, पिळतो. खाली माती असली की चाक जरा घसरून घेतं आणि दांड्याचा जीव वाचतो. म्हणून ती माती.

वळण म्हटलं की मामांच्या कपाळाला आठी. एकदा त्यांनी सासूबाईंना आणि मला देवळात नेलं. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण वाटेत डांबराची वळणं. मामांनी असा काही लांबचा सरळसरळ रस्ता धरला की गिरण्यांची धुराडी मागं पडली आणि ज्वारीची शेतं दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “ओ मातीवाले, देवाला चाललोय का पंढरपूरला मुक्कामाला?” मला मात्र ते फिरणं संपूच नये असं वाटत होतं. शेतावरनं वारा येत होता, कणसं डुलत होती, आणि जीप पाण्यावरच्या होडीसारखी कुठं न वळता चालली होती.

फेरी संपली की मामा गाडीखाली वाकून मागच्या एक्सलवर तळहात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, डोळे मिटून. “आज लई कढत हाय,” एवढंच म्हणायचे आणि तो निवेपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहायचे.

“एवढा त्रास होतोय तर सोडवून घ्या की ते दाते,” मी एकदा म्हटलं.

मामांनी एक्सलवरचा तळहात काढून घेतला. मग म्हणाले, “सूनबाई, आमची मंडळी अडली व्हती. करकंबच्या अलीकडं, काळ्या रानात जीप रुतली. एक चाक चिखलात गरागरा फिरत व्हतं आनि दुसरं चांगल्या जमिनीवर असून नुसतं बघत व्हतं. ते बघणारं चाक मला अजून दिसतं.” त्यानंतर त्यांनी हात पुसले आणि आत गेले. त्यांच्या घरी चूल एकट्याची का, ते मला त्या दिवशी कळलं. पावसाळ्यात आडवस्तीवर कुणाचीही लेक अडली की निरोप मामांकडंच का येतो, तेही कळलं.

माझे दिवस भरत आले. माझं माहेर मोडनिंबच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. निघायच्या आधी मामांच्या पाया पडायला गेले तर ते अंगणात दांडा काढून बसलेले. त्या दांड्याच्या टोकाचे दाते सरळ असायला हवेत, ते ओलं लुगडं पिळावं तसे वळले होते.

“बघ, काय झालंय बिचाऱ्याचं,” ते म्हणाले. “आता नवा मिळेस्तोवर जीप काढायची न्हाय. एका वळणाचा सोबती हाय हा. तू आपली एस्टीनं जा, पोरी.” जुनाच दांडा परत आत सारून त्यांनी जीपवर ताडपत्री ओढली.

आणि मी माहेरी पोचले तसा तिकडं परतीचा पाऊस लागला. ओढा भरला, काळी जमीन लोण्यासारखी झाली. वस्तीवरची सुईण माझं पोट चाचपून आईला म्हणाली, “मूल आडवं हाय. हिला दवाखान्यात न्या, माझ्या हातचं न्हाय हे.” माझा भाऊ चिखल तुडवत हमरस्त्यावर गेला आणि मिळेल त्या ट्रकनं सोलापूर गाठलं. मामांच्या दारात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, सासूबाईही ओट्यावरून ऐकत होत्या. मामांनी ताडपत्रीकडं बघितलं. भाऊ सांगतो, त्यांनी जीपमधलं मातीचं घमेलं खाली उतरवलं, त्या जागी गोधडी अंथरली आणि निघाले.

त्या प्रवासाचं मला धड आठवतं असं नाही, स्वप्नासारखं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी गोधडीवर आडवी. आईचा हात माझ्या केसांत. वर ढग, कधी बाभळीची फांदी. ओढ्यात जीप शिरली तेव्हा दोन्ही बाजूंनी पाणी उभं राहिलं, आणि दोन्ही चाकं एकदमच चिखल कापत निघाली, जोडीचे बैल एका दमात पाय टाकतात तशी. कुठलंच चाक बघत बसलं नाही. पुढं मामा सारखं पुटपुटत होते, “जरा कळ काढ माझ्या राजा. सरळच रस्ता हाय. जरा कळ काढ.” ते मला म्हणत होते की दांड्याला, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपली कळ काढत राहिले.

हमरस्ता सरळ होता. भीती होती ती सोलापूरच्या वळणांची. इकडं पावसाचा थेंब नव्हता, डांबर कोरडं ठणठणीत आणि मातीचं घमेलं तर घरीच राहिलेलं. शहरातल्या पहिल्या वळणावर टायर किंचाळले, खालून काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला आणि मामांची मान ताठ झाली. दवाखान्याचा रस्ता आमच्याच गल्लीवरून जायचा, आणि तिथलं वळण सगळ्यात आखूड. मी डोळे गच्च मिटून घेतले.

सर्र.

वाळूवरून पाणी जावं तसं. मला वाटलं, मी शुद्धीवर नाही. डोळे उघडून बघितलं तर वळणावर सासूबाई उभ्या, पदर खोचलेला, हातात मामांचंच घमेलं, कोपरापर्यंत माती. मागं गल्लीतल्या सगळ्या बाया, कुणाकडं परात, कुणाकडं सूप. चुलीतली राख, तुळशीतली माती, शेजारच्या बांधकामाची वाळू, जे हाताला लागलं ते त्यांनी रस्त्यावर ओतलं होतं.

“वळा हो मामा, बिनघोर वळा!” सासूबाई ओरडल्या. “दवाखान्याच्या फाटकापातूर टाकलीया!”

मातीवाले सोडून मामा म्हणाल्या त्या, पहिल्यांदाच.

लेक झाली. मोठ्या गळ्याची. मी घरी आले तोवर मामांनी दांडा बाहेर ओढला होता. ओढला तर अर्धाच हातात आला, अर्धा आतच राहिला. कुठल्या वळणावर तुटला कुणास ठाऊक. कदाचित फाटकाशी चाकं थांबली तेव्हा. तो तुकडा घेऊन ते आमच्या ओट्यापाशी आले.

“आक्का, हे ठेवा तुमच्याकडं. भंगारात घालायला हात हुईना माझा.”

सासूबाईंनी तो हातात तोलून बघितला. “लोखंड झकास हाय की. चटणीला चांगला हुईल.” चिंच आणि राख लावून त्यांनी तो लख्ख घासला आणि उखळात घातला. त्या दिवसापासून आमच्या घरची शेंगाचटणी त्या दांड्यानंच कुटली जाते. पहिली वाटी मामांकडं गेली. चाखून म्हणाले, “आता कुटं ह्याला कष्टाचं सुख लागलं.”

पुढं ओढ्यावर पूल झाला, वस्तीपर्यंत खडी पडली. रात्रीअपरात्री येणारे निरोप थांबले. मामांनी जीप करमाळ्याकडच्या एकाला देऊन टाकली, देताना माती कशी टाकायची ते त्याला रस्त्यात उभं राहून दाखवलं. नंतर ते वळणावरच्या कट्ट्यावर बसून असायचे. माझी लेक त्यांच्या मांडीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची. एखादी गाडी नुसतीच वळून गेली की म्हणायचे, “बघ, किती सोपं हाय तिला.”

ते गेले तो दिवस उन्हाळ्याचा होता. माणसं तिरडी उचलायला लागली तशा सासूबाई घमेलं घेऊन पुढं गेल्या आणि वळणावर मुठीमुठीनं माती पसरली, हात फिरवत, अगदी त्यांच्यासारखी. मग दोन पावलं मागं सरून बघितलं. खांदेकरी त्या मातीवरून सावकाश वळले.

आता सासूबाईही नाहीत. उखळ माझ्याकडं आहे. शेंगा कुटून झाल्या की तो दांडा चांगलाच कढत होतो, टोकाला अजून तो पीळ दिसतो. मी त्यावर तळहात ठेवते आणि तो निवेपर्यंत तिथंच बसून राहते.