दादाच्या डोक्यावरचे हात

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चर्चला पाचोडसाठी प्रचारक हवा होता. तिथंच राहायचं, आसपासची खेडी सायकलवर फिरायची आणि मिळेल ते खायचं. प्रचारक सगळ्यांनाच हवा होता, पण द्यायचा कुणी? चर्चच्या पंचांच्या थोरल्या मुलांपैकी एक बँकेत चिकटणार होता, दुसरा डॉक्टर होणार होता, आणि खुद्द पाळकसाहेबांचा थोरला पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. देवाचं बोलावणं नेमका यांच्याच घरांचा पत्ता चुकवत असे. शेवटी ते आमच्या दादाला आलं. दादाला चिकलठाण्याच्या कारखान्यात घेणार होते, आणि वडील गेल्यापासून आईची सगळी भिस्त त्याच्यावर होती. पण दादाला कुणाला नाही म्हणता येत नसे, देवाला तर नाहीच.

दादाला प्रचारक नेमण्याच्या विधीच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात बायबलच्या जुन्या करारातले लेवी वंशाचे लोक काढले. इस्राएल लोकांनी आपल्या थोरल्या मुलांऐवजी लेव्यांना देवाच्या सेवेसाठी वेगळं केलं, आणि तसं करताना सगळ्या लोकांनी त्यांच्यावर हात ठेवले. माझ्या थोरल्याच्या जागी हा जातोय, अशी ती कबुली. म्हणून आपल्याकडंही नुसत्या पाळकांनी नाही, सगळ्या मंडळीनं हात ठेवायचे, असं ठरलं. पाळकसाहेब एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या लेव्यांच्या अंगावरचा केस न् केस काढला होता हेही त्यांनी सांगितलं, आणि दादा आठवडाभर मिशी कुरवाळत बसला. पुढं त्यांना देवासमोर ओवाळलं म्हणे. एवढ्या बाप्यांना ओवाळलं कसं, हे मी पाळकीणबाईंना विचारलं. त्यांनी मला चहा दिला, उत्तर दिलं नाही.

विधीच्या दिवशी मिशी शाबूत होती. दादा वेदीपुढं गुडघे टेकून बसला आणि मंडळी त्याच्यावर तुटून पडली. त्याच्याकडं कधी ढुंकून न पाहिलेली माणसं डोक्यावर जागा मिळावी म्हणून कोपरं मारत होती. डोकं पुरेना तेव्हा खांदे, पाठ, कान, हाताला लागेल ते धरलं. एका पंचांचा हात गर्दीत पेटीवाल्याच्या टकलावर पडला आणि आमेनपर्यंत तिथंच राहिला. पेटीवाला काही प्रचारक झाला नाही.

लोक जागेवर बसले. पाळकसाहेब सगळा वेळ हातातल्या पुस्तकातून प्रार्थना वाचत उभे होते, त्यांचा हात काही दादावर पडला नव्हता. आई मात्र बाकावरून हललीच नव्हती.

"बाई, तुमचा हात राहिला," पाळकसाहेब म्हणाले.

"आधी तुम्ही ठेवा," आई म्हणाली. "तुमच्या थोरल्याच्या जागी जातोय ना ह्यो?"

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण राग आला, सगळ्या मंडळीचा. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि दोन्ही हात दादाच्या डोक्यावर ठेवले. मग ते बाजूला झाले आणि अगदी हळू म्हणाले, "आता तुम्ही या."

आई जागची उठली नाही.

"मी कुणाच्या जागी ठेवू, पाळकसाहेब? माझा थोरला त्योच हाय."