इंद्रभान, खामगाव यांच्याकडून

डिसेंबर लागला की आमच्या शाळेत शिकवणं सोडून बाकी सगळं होतं. विज्ञान प्रदर्शन, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्तीचे सराव पेपर, मतदार याद्या, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर गॅदरिंग. आमचं गाव जानेफळच्या अलीकडे, रोडपासून थोडं आत. मी याच शाळेत शिकलो, चिखलीला बी.एड. केलं आणि यंदा तासिकेवर मास्तर होऊन परत आलो. तासिकेवरचा मास्तर म्हणजे लग्नघरातला लांबचा पाहुणा. मान नाही, पण पाण्याचे ड्रम त्यानंच भरायचे.

हेडसर म्हणाले, "सागर, तू बोलतो बरा. यंदा माइक तुले."

मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. आज हे लिहायला बसलोय ते त्या माइकमुळेच. पण लिहायचं आहे कौशल्या आत्याबद्दल.

कौशल्या आत्या शाळेत खिचडी शिजवते. ती गावचीच लेक, म्हणून आमच्या बापांची बहीण आणि आमची आत्या. नवरा वारल्यावर माहेरी आली, मूलबाळ नाही. आमच्या पिढीला तिच्याबद्दल एवढंच माहीत. सकाळी नऊला ती परात घेऊन तांदूळ निवडायला बसते. खडा सापडला की तो हेडसरांच्या ऑफिसच्या दिशेनं फेकते. "पोतं पाह्यल्याबिगर सही त्यानंच केली ना," म्हणते. पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड रोज एकाच पोराच्या ताटात पडते. कोणाच्या पडणार, ते ती ठरवते. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आत्या, आज मले काऊन नाही?"

"तू ताट वाजवून राह्यला. जो वाजवत नाही, त्याले घरी मार पडेल असते. खरवड त्याची."

गॅदरिंगच्या दिवशी आत्याच्या पदराला सेफ्टी पिनांची माळ असते. चाळीस पोरांची धोतरं, पंधरा पोरींचे नऊवार, अंबाडे, गजरे, सगळं तिच्या हातचं. स्टेजमागे ती पोरांना दातात पिन धरून शिव्या देते आणि पोरं हसतात. स्टेजवर मात्र ती कधी आलेली मी पाहिली नव्हती.

आता बक्षिसाचं सांगतो. आमच्याकडे पोराचा नाच आवडला की माणूस चिठ्ठीवर नाव लिहितो, त्यात पैसे दुमडतो आणि चिठ्ठी हातोहात स्टेजकडे पाठवतो. माइकवर पुकारा होतो, "अमुक यांच्याकडून एकावन्न रुपये." पुकारा संपेपर्यंत पोरानं स्टेजवर उभं राहायचं. ज्याचे मामे-काके जास्त, तो जास्त वेळ उभा. ज्याचं कोणीच नाही, तो नाचतो आणि खाली उतरतो.

मी चौथीत असताना असाच उतरत होतो. बाबांकडे त्या वर्षी अकरा रुपये काढायची सोय नव्हती, आणि असती तरी लाजरा माणूस. तेवढ्यात पुकारा झाला, "इंद्रभान, खामगाव यांच्याकडून सागरला अकरा रुपये." मी परत फिरून ताठ उभा राहिलो. पुढची कित्येक वर्षं मी त्या अकरा रुपयांवर जगलो. खामगावच्या एका शेठनं आपला नाच हेरला! त्यांची कापसाची जिनिंग आहे, पांढरी गाडी आहे, बोटात अंगठ्या आहेत, हे सगळं मीच ठरवून टाकलं होतं. पुढंही दरसाल एखाद्या पोराला त्यांचा पुकारा होई, पण शेठ कधी दिसले नाहीत. बाबा तर कापूस घेऊन खामगावला गेले तेव्हा शेठला पेढे देऊन येतो म्हणाले होते. परत आले आणि म्हणाले, "भेटला नाही." मला वाटलं, मोठा माणूस, कामात असेल.

यंदाचं गॅदरिंग मात्र वेगळं होतं. आमच्या पाचवीतला शिवम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि त्याच्या पायाचं दुसरं ऑपरेशन अकोल्याला करायचं होतं. म्हणून सगळं बक्षीस शिवमच्या मदतीला द्यायचं ठरलं. पोरांना फक्त पुकारा आणि टाळ्या. पोरं एका पायावर कबूल झाली. मोठी माणसं वस्ताद. मागच्या साली दोन-तीन जणांनी पाचशे एकाचं नाव लावलं होतं आणि चिठ्ठीत निघाले शंभर. तेव्हा मी मीटिंगमध्ये हुशारी दाखवली. म्हटलं, "ज्याचं बक्षीस त्यानं स्टेजवर यावं, पैसे द्यावे, पावती घ्यावी, मगच पुकारा पक्का." हेडसरांनी माझी पाठ थोपटली. चहाचा ट्रे घेऊन आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अन् ज्याले वर येनं जमत नसन, त्यानं?"

"न जमायले काय झालं आत्या? चार पायऱ्या त हायेत!"

सगळे हसले. आत्यानं कप ठेवले आणि गेली.

गॅदरिंग भर दुपारी ठेवलं होतं, कारण संध्याकाळनंतर लाइटीचा भरवसा नसतो. माझा माइक जोरात होता. सरपंचांना चिमटा, सोसायटीच्या चेअरमनला कोपरखळी, मंडप हसत होता आणि पावत्या फाटत होत्या. मग चौथीतली निशिगंधा आली. तिचे आई-बाप वीटभट्टीवर गेलेले, ही आजीजवळ. पोरगी अशी नाचली की मागची टारगट पोट्टीसुद्धा गप्प बसली. नाच संपला. चिठ्ठी नाही. ती पायरीकडे वळली आणि मागच्या बाजूनं एक चिठ्ठी हातोहात आली.

तांदळाच्या पोत्याला शिवलेलं असतं, त्या खाकी लेबलाच्या पाठीवर लिहिलेलं. अक्षरं लिहिलेली नव्हती, समोर ठेवून काढलेली होती. कोपऱ्याला हळदीचा डाग. आत एकवीस रुपये. वर नाव, इंद्रभान, खामगाव.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, त्यात थट्टा नाही. मी माइकवर अख्खी हकिकत सांगितली. माझा नाच, अकरा रुपये, बाबांचे पेढे. म्हणालो, "शेठजी, पंधरा वर्षं झाली. आज तोंड दाखवाच. चिठ्ठीला हळद लागलेली आहे, म्हणजे इथंच कुठंतरी भजी खात बसलेले आहात!"

मंडप खदखदला. कोणी उठेना.

मागून एक पोट्टं ओरडलं, "सर, शेठचं पोट मोठं हाये, उठाले टाइम लागते!"

मला चेव आला. "हे पाहा, नियम म्हणजे नियम. तीनदा नाव घेतो. नाही आले, तर बक्षीस बाद." आणि मी मार्केट यार्डातल्या हर्रासासारखा सुरू झालो. "इंद्रभानजी एक वार!" हशा. तिसऱ्या रांगेत बाबा अर्धे उठून दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, बापालाही मजा येऊन राहिली. पुढच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं मात्र मान खाली घालून बसली होती. तेही मी पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं. "इंद्रभानजी दोन वार!" निशिगंधा स्टेजच्या मधोमध उभी. बक्षीस बाद होतंय की मिळतंय ते तिला कळेना. हात नाचातल्यासारखा अर्धा वर राहिलेला.

पायऱ्यांवर पाऊल वाजलं. आत्या वर आली. पदराला पिनांची माळ तशीच.

"माह्ये हायेत पैसे," ती हळूच म्हणाली. "बाद नको करू बाप्पा. पोट्टी उभी हाये."

इथं तरी मी थांबायला पाहिजे होतं. पण तोंडाला हशाची चटक लागलेली. म्हटलं, "अस्सं! मग आत्या, हे इंद्रभान कोण?" आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला.

आत्यानं माइककडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरचे."

दोन भोंगे होते. एक मंडपाकडे, एक गावाकडे. 'घरचे' दोन्हीकडे गेलं.

मी पावती पुस्तक उघडलं. काय करावं सुचलं नाही की माणूस नियम पाळतो. नाव लिहिलं, कौशल्याबाई. ती घ्यायला थांबली नाही. पुढच्या नाचातल्या पोरांची धोतरं सुटत होती.

संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले होते. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "हात दाखवून राह्यलो होतो तुले. थांब म्हनत होतो."

"मले वाटलं, तुम्हाले मजा येऊन राह्यली."

"मजा!" बाबांनी तोंड फिरवलं. "त्या साली तीन जिनिंगवर फिरलो मी. चौथ्यावर मुनीम म्हने, इंद्रभान शेठ कोनी नाही बॉ. इंद्रभान नावाचा हमाल होता. तुमच्याच गावचा जावई. वारला दोन साल झाले. मी म्हन्लं, हे त आपले जावईबापू. आम्ही कधी नावानं बोलावलंच नव्हतं त्याइले, ध्यानात कसं येईन?"

"मग पेढे?"

"पेढे शाळेत नेऊन देल्ले. खिचडीवर वाटून टाक म्हन्लं तिले. तिनं बी इचारलं नाही, कायचे म्हनून."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुले शेठ पाह्यजे होता." बाबा उठले. दारातून म्हणाले, "आमच्या वयाच्या सगळ्याइले माहीत हाये ते. तीस घरं गुपचूप होते इतके साल. शिकेल मानूस एकटा तू."

सोमवारी मी मधल्या सुट्टीआधीच खिचडीच्या खोलीत गेलो. आत्या तांदूळ निवडत होती.

"या सर."

जन्मभर मी तिच्यासाठी सागऱ्या. वर्गात मास्तर झालो तरी सागऱ्याच होतो. 'सर' ऐकून मी दारातच खिळलो.

"आत्या, माह्याकून चुकलं."

"बसा ना. परातीले हात लावा, रिकामं काय उभं राह्यता."

मी बसलो. खडे सापडत होते. मी ते मुठीत ठेवत होतो, फेकायचा हक्क माझा नव्हता. आत्या तांदळातच बघत बोलली. "लग्न झालं त्या साली गॅदरिंगले आले होते. जावई म्हनून पुढं खुर्ची देल्ली होती. खुश झाले अन् अकरा रुपये काढून देल्ले, सांजच्या यष्टीच्या तिकिटाचे पैसे होते ते. त्या भोंग्यावर नाव आलं त्याइचं. जन्मात एकदा. अन् मंग पायी गेलो आम्ही जानेफळवरी, दोघंबी. सगळ्या वाटेनं हेच बोलत होते, आवाज आला का वं तुले, चांगला आला का."

ती थांबली. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"मले त नाव घेता येत नाही. पयले उखाण्यात घेत होती, आता उखाना कोन इचारते मले? रेशनकार्डावर पाहून पाहून चिठ्ठी काढतो सालातून एकदा. भोंगा घेते नाव, मी स्टेजमांगं उभी राहून ऐकतो. ज्या पोराले कोनी नाही त्याले देल्लं की त्याचंबी होते अन् माह्यंबी." मग अगदी साध्या आवाजात, "आता झालं ते. आता ते नाव घेतलं की सारे माह्याकडं पाह्यतीन. यंदापासून बंद."

मला म्हणायचं होतं की मी पुन्हा पुकारीन, दरवर्षी पुकारीन. पण शब्द तोंडात आले की ते माइकवरचेच वाटायला लागले. सुट्टीची घंटा झाली. पोरं रांगेत ताटं वाजवायला लागली. आत्यानं मलाही एक ताट दिलं. मी ते न वाजवता मांडीवर धरून बसलो. शेवटी तिनं पातेलं तिरपं केलं, बुड खरवडलं आणि सगळी खरवड माझ्या ताटात टाकली.

शिवमचं ऑपरेशन झालं. वर्गणी पुरली, माझ्या पावती पुस्तकाचं कौतुकही झालं. शाळेच्या संस्थेनं पत्र दिलं, 'पारदर्शक व्यवहाराबद्दल'. पुस्तकात एक पावती स्थळप्रतीसकट तशीच आहे, कोणी फाडून न नेलेली. ऑडिटला अडचण येईल, हेडसर म्हणाले. येऊ दे म्हटलं.

सव्वीस जानेवारीला मैदानावर झेंडावंदन झालं की पोरांचे दोन-चार नाच असतात. माइक पुन्हा माझ्याच हातात दिला. मी नको म्हणून पाहिलं, पण तासिकेवरच्या मास्तरचं नको कोण ऐकतं. निशिगंधाचा नाच झाला. आजी आली होती, पण आजीकडे बक्षीस कुठून असणार. पोरगी या वेळी थांबलीच नाही, नमस्कार करून सरळ पायरीकडे निघाली.

तेवढ्यात चिठ्ठी आली. वहीचा पांढरा कागद, अक्षर ओळखीचं, लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करणारं. मी गर्दीत पाहिलं. बाबा झेंड्याच्या खांबाकडे पाहत होते, जणू आयुष्यात खांब पाहिला नव्हता.

"निशिगंधा, थांब," मी म्हणालो. "इंद्रभान, खामगाव यांच्याकडून एकावन्न रुपये."

फक्त एवढंच. पुढं काही जोडलं नाही, हसलो नाही, आवाज चढवला नाही. मागच्या पोट्ट्यांतूनही कोणी बोललं नाही. काही माणसांनी खिचडीच्या खोलीकडे पाहिलं, आत्या म्हणाली होती तसंच. ती दारात बुंदीची परात घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही, हे खरं.

चिठ्ठीवर बाबांनी खाली अजून एक ओळ लिहिली होती. ती माझ्यासाठी होती, म्हणून माइकवर वाचली नाही. 'पावती नको.'