कुलूप चार ओळी खाली

माझे भावजी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मी ते तपासते. शिस्तीचा माणूस. एक फाईल बंद केल्याशिवाय दुसरी उघडणार नाहीत. मेंदूचा स्कॅन वाचणारा प्रोग्रॅम त्यांचाच. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या ताईच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तेव्हा त्याच प्रोग्रॅमवर तिचा रिपोर्ट निघाला. चाळीस मिनिटं लागली. "अर्धा तास आधी कळलं असतं तर हात वाचला असता," डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला तो गेलाच. भावजींनी सगळं खापर स्कॅनवाल्यावर फोडलं, मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला.

गेल्या सोमवारी त्याच दवाखान्याची तक्रार आली. सोळा कोरचं, म्हणजे एकाच वेळी सोळा गणितं करणारं नवं यंत्र घेतलं, तरी रिपोर्टला अडतीस मिनिटं. भावजींनी आधी यंत्राला नावं ठेवली, मग डिस्कला. कुठला कोर किती राबतोय ते दाखवणाऱ्या सोळा पट्ट्या मी पडद्यावर उघडल्या. एक उंच, बाकीच्या पंधरा आडव्या पडलेल्या.

"काम सोळा थ्रेडमध्ये वाटलंय, प्रत्येक कोरला एक. मी स्वतः लिहिलेत," ते चिडले.

"मग ते करतात काय, ते तरी बघा."

प्रोग्रॅम मध्येच थांबवून पाहिला. पंधरा थ्रेड एकाच ओळीवर ताटकळत उभे. तिथे कुलूप होतं. निकाल लिहिताना दोन थ्रेडची गल्लत होऊ नये म्हणून घातलेलं, पण गणिताच्याही आधी घातलेलं. एकाचं गणित संपेपर्यंत दुसऱ्याला प्रवेश नाही. भावजींनी ते चार ओळी खाली, गणितानंतर सरकवलं.

रिपोर्ट तीन मिनिटांत आला.

मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांचा पांढराफटक चेहरा दिसला.

"ताईच्या वेळच्या जुन्या यंत्रात किती कोर होते गं?"

"आठ," मी म्हणाले, आणि मनात हिशोब केला. चाळीस भागिले आठ. पाच मिनिटं, फार तर सहा.

ताईकडे घरी जाताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "तू बोलू नकोस. मी सांगतो."

ताईने सगळं ऐकलं. भावजी सांगत सांगत कुलपापर्यंत आले तेव्हा तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. बराच वेळ ती त्याच्याकडेच बघत होती.

"पाच वर्षं रोज त्या कुलपासमोरच बसत होतास ना रे?"

मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू?"