थंड, कोमट, गरम

ऑफिसात त्यांना सगळे ‘गोडबोलेबाई’ म्हणत. खरं आडनाव भलतंच होतं. पण फोनवर बोलायला लागल्या की रागावलेला माणूसही विरघळायचा, म्हणून हे चिकटलं. अनाथ मुलांच्या एका संस्थेत, जिन्याखालच्या खोलीत बसून देणगीदारांना फोन करायचे, यात त्यांची उमर गेली होती. आधी गुडघेदुखी, मग सुना, मग महागाई, आणि देणगीचं अगदी शेवटी, तेही लाजत लाजत.

त्या देणगीदारांत एक शिंपीणबाई होत्या. द्यायच्या थोडं आणि बोलायच्या भरपूर. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तरी नवरा गेल्यावर सख्ख्या बहिणीजवळ जे बोलल्या नाहीत, ते गोडबोलेबाईंनी यांच्यापाशी बोलून टाकलं. घरी सोबतीला रेडिओ होता, पण तो काही ‘हं’ म्हणत नाही. जिवाभावाचं माणूस एवढं एकच उरलं होतं.

एकदा शिंपीणबाई हुंदका गिळत म्हणाल्या, “मुलाच्या साहेबीणबाई आल्या होत्या घरी. त्यांना म्हणाला, ‘या आमच्याकडे शिवणकाम करतात.’ आई म्हणाला नाही हो. कुणाला सांगू नका.”

“मी कुणाला सांगतेय!” गोडबोलेबाई म्हणाल्या, आणि तेव्हा ते खरंच होतं.

मग संस्थेत नवे साहेब आले. वयाने बाईंच्या भाच्याएवढे, उत्साह उतू चाललेला. त्यांनी सगळे देणगीदार संगणकात घातले आणि प्रत्येकाच्या नावापुढे शिक्का मारला: गरम, कोमट किंवा थंड. माणसं म्हणजे जणू आंघोळीचं पाणी!

“थंडांना यापुढे फोन नाही,” साहेब म्हणाले. “वेळ फुकट जातो, मावशी.”

शिंपीणबाई थंड निघाल्या. गोडबोलेबाईंनी त्यांच्या नावावर बोट ठेवलं.

“अहो, पण त्या कधी चुकवत नाहीत!”

“रक्कम बघा ना. हां, टीप भरलीत तर कोमट होतील. त्यांच्या मनातलं काहीतरी लिहा. माणूस किती जवळचा आहे, ते मशीनला कळायला हवं.”

बाईंनी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दार लोटून घेतलं आणि मुलाची ती गोष्ट लिहून टाकली. शिक्का कोमट झाला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ही टीप कोण वाचणार, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं, हे त्यांना आतून कळत असावं.

महिनाभराने साहेब नाचतच खोलीत आले. “मावशी, तुमच्या शिंपीणबाई गरम झाल्या! एकदम दहापट पाठवलेत!”

मशीनने टिपा वाचून प्रत्येकाला खास वेगळा निरोप धाडला होता. शिंपीणबाईंना गेलेला साहेबांनी कौतुकाने दाखवला: ‘मुलाने आपल्याला आई म्हटलं नाही, याचं दुःख आम्ही जाणतो. आमची मुलं आपल्याला आई म्हणायला आसुसलेली आहेत.’ खाली शिंपीणबाईंचं उत्तर होतं. ‘पैसे पाठवले आहेत. यापुढे फोन करू नये.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे तुम्ही त्यांनाच पाठवलंत?”

“त्यांचंच तर आहे, मावशी. दुसऱ्या कुणाचं थोडंच पाठवलं?”

कपाळ! शिवाय लिहिलं होतं कुणी?

रविवारी त्या संस्थेच्या यादीतून पत्ता काढून, उसवलेल्या बाहीचं पोलकं घेऊन शिंपीणबाईंच्या दुकानात गेल्या. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. शिंपीणबाईंनी जाड भिंगांतून बाही पाहिली. “आत्ता देते करून. बसा,” म्हणत त्यांनी मशीन सुरू केलं.

“बरं,” गोडबोलेबाई म्हणाल्या.

एवढ्या एका शब्दावर मशीन थांबलं. आवाज ओळखीचा होता.

“मला नीट दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे,” शिंपीणबाई वर न बघता म्हणाल्या. “मोबाईलवर आलेलं शेजारचा इस्त्रीवाला वाचून दाखवतो. त्याने वाचलं. मोठ्याने. गिऱ्हाइकं उभी होती.”

“साहेब तुमचा फोन बंद करणार होते हो. तो बंद होऊ नये म्हणून लिहिलं मी.”

“झाला ना आता बंद?”

मशीन पुन्हा सुरू झालं. गोडबोलेबाईंना रडू फुटलं, पण फोनवर इतकी वर्षं पाझरणारं ते बोलणं त्या दिवशी कुठे गेलं कोण जाणे. शिंपीणबाईंनी दोरा दातांनी तोडला, पोलकं घडी करून हातात दिलं आणि नेहमीच्या दराने पैसे सांगितले. गोडबोलेबाईंनी नोट पुढे केली.

इतक्यात शेजारून इस्त्रीवाला डोकावला. रडणाऱ्या बाईंना पाहून दबकत म्हणाला, “कोण, बहीण का तुमची?”

शिंपीणबाईंनी उरलेले सुट्टे पैसे मोजून गोडबोलेबाईंच्या हातावर ठेवले.

“नाही. बाही शिवून घ्यायला आल्या होत्या.”