उन्हातली हडळ

माझी थोरली बहीण सांगवीला दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. वर्ष व्हायच्या आत दाजींनी दुसरं लग्न केलं. त्याचा आमच्या घरात कुणी राग धरला नाही. तरणा माणूस, शेतीवाडीचं घर, चुलीपुढं कुणीतरी लागतंच. राग आला तो त्यांच्या नाटकाचा.

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत गावोगाव हौशी मंडळं निघाली होती. दाजींनी सांगवीत असंच एक काढलं आणि त्याच्यासाठी नाटकही स्वतःच लिहिलं. बिजवराच्या दुसऱ्या लग्नात त्याची मेलेली बायको हडळ होऊन येते आणि वऱ्हाडाची पळापळ होते, अशी त्याची गोष्ट. लोक आधी टरकतील आणि मग पोट धरून हसतील, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही निमगाव केतकीचे. आमच्या जत्रेत त्यांनी खेळ लावला आणि आईला मुद्दाम निरोप धाडला, की जावयाचं कौतुक बघायला पुढं येऊन बसा. नाटक कशावर आहे, हे निरोपात नव्हतं.

गॅसबत्त्या रात्रीच्या तमाशाला लागणार होत्या, म्हणून नाटक दुपारीच उरकायचं ठरलं. पडद्याच्या जागी दोन सतरंज्या. लख्ख उन्हात हडळ आली. मिशा उतरवलेला एक गडी, तोंडाला पीठ, डोक्यावर घायपाताचे केस, पाय उलटे दिसावेत म्हणून वहाणा उलट्या बांधलेल्या. त्याला धड चालता येईना. एक वहाण निसटली, तर पुढं बसलेल्या पोरानं ती उचलून त्याच्या हातात दिली. भीती तिथंच संपली. पण निदान थोडं हसू आलं होतं.

मी आईच्या मागं उभा होतो. तिचं अंग ताठ झालेलं मला दिसलं. हडळीच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. ताईच्या डोहाळजेवणाला आईनं ते इंदापूरच्या बाजारातून आणलं होतं. पदराला ठिणगीनं भोक पडलं, तेव्हा आईनंच त्याला टाके घातले होते. त्या डोहाळजेवणाला आलेल्या बायका आजूबाजूलाच बसल्या होत्या. त्यांनीही ते ओळखलं. त्यांच्यातली कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली आणि हसणं थांबलं. नवरदेवाचं काम दाजीच करत होते. विनोद करायचे आणि आपणच मोठ्यानं हसायचे. बायका एकेक करून उठल्या. आई मात्र शेवटपर्यंत बसून राहिली.

दिवस मावळताना दाजी आमच्याकडं जेवायला आले. सासुरवाडीचं जेवण, आईनं पुरणपोळी केली होती. जेवता जेवता ते तक्रार करत राहिले. बत्त्या नव्हत्या, जागा उघडी होती, खेड्यातल्या लोकांना इनोद कळत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तेवढं लुगडं ठिवून जावा.”

दाजी घास गिळेपर्यंत थांबले. “मामी, ते आता मंडळाचं हाय. दुसरं कुठनं आणायचं?”

आईनं त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. मी ताटावरून उठलो.

मी तेव्हा बारामतीत एका गुळाच्या अडतीत कामाला होतो. काही महिन्यांनी तिथंही त्यांचा खेळ झाला. या खेपेला बत्त्या होत्या, रंगवलेला पडदा होता आणि ताईला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी नाटक पडलं. लोक मध्येच चहाला गेले ते परत आले नाहीत. आमच्या दुःखानं त्यांचा खेळ पाडला, असं मी तोवर समजत होतो. त्या वाटण्यात थोडं समाधानही होतं. बारामतीत कळलं, की नाटकच भिकार होतं. हडळीला लिहून दिलेला एकही शब्द नव्हता. किंचाळायचं आणि पळायचं. ती का आली, तिला काय हवं होतं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. मग भ्यायचं कुणाला? आणि जो नवरा तिला एकदाही नीट विचारत नाही, त्याच्या थट्टेला हसायचं तरी कशाला?

दाजींची दुसरी बायको पुढं बसली होती. तिला दिवस गेले होते. खेळ संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, “ते लुगडं तुमच्या बहिणीचं का हो?”

मी व्हय म्हणालो.

“मला पन हिरवंच आणलंय,” ती म्हणाली. “माझं काय झालं, तर ते बी हितंच येणार.”

दाजी हाक मारत होते, ती गेली.

मी दाजींना सांगितलं, की हडळीला बोलू द्यायला हवं होतं. ते म्हणाले, बायकी पात्राला संवाद दिले की खेळ लांबतो.

ती माहेरी जाऊन सुखरूप बाळंत झाली. तिथून तिनं निरोप पाठवला, की ते नाटक बंद होईल तेव्हाच मी पोराला घेऊन सांगवीला येईन. पावसाळा गेला तरी ती आली नाही. शेवटी दाजींनी मंडळ मोडलं आणि तिला घेऊन आले. लोकांना मात्र ते सांगत राहिले, की आमच्या भागात नाटकाची कदर नाही. पुढं कितीतरी वर्षं, जिथं भेटतील तिथं, ते मलाही हेच सांगत.