तक्रार नसलेले भाडेकरू

लॅबमधल्या काकूंनी रिपोर्ट खिडकीतून सरकवावा आणि गप्प बसावं, असा नियम होता. एकतीस वर्षांत त्यांनी नियमाचा पहिला अर्धा भाग तेवढा पाळला. रिपोर्ट लहान मुलाचा असला की त्या हातमोजे काढून बाहेर यायच्या, आधी पोराकडे बघायच्या, मग कागदाकडे.

त्या दिवशी बाकावर घड्याळं दुरुस्त करणारा एक घड्याळजी बसला होता, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. पोहण्याच्या वर्गासाठी तिची लघवी तपासली होती, त्यात जंतू निघाले. तेव्हापासून या बाबाने लेकीचीही सर्व्हिसिंग लावली. दर एक तारखेला बाटली हजर. दर वेळी जंतू, दर वेळी ड्युटीवर असेल त्या डॉक्टरांचं औषध, आणि औषध संपलं की जंतू परत. पोरीला मुळात होत काहीच नव्हतं. औषधांनी मात्र पोट बिघडून तिची पार काडी झाली होती. आता चौथ्यांदा औषध तिला सोसवेल का, या धास्तीने बापाचा घास उतरत नव्हता.

काकू आल्या तेव्हा ती काडी बाकावरून उड्या मारत होती. ताप येतो का, जळजळ होते का, पोटात दुखतं का, सगळं विचारून झालं. सगळ्याचं उत्तर एकच, 'नाही'. कागदावर पू-पेशी, म्हणजे संसर्गाची खूण, तीही नव्हती.

मग काकूंनी त्याला विचारलं, गिऱ्हाइकाचं घड्याळ बरोबर चालत असेल तरी तो ते दर महिन्याला उघडतो का. घड्याळजी दुखावलाच. एवढा अडाणी वाटलो का, म्हणाला.

"मग पोरीलाच का उघडताय दादा?" काकू म्हणाल्या. "हे जंतू तिच्याच आतड्यातले. दोन पावलं चालून शेजारच्या खोलीत राहायला आलेत. भांडत नाहीत, तोडफोड करत नाहीत. यांना हाकललं तर रिकाम्या खोलीत एखादा गुंड शिरायचा."

पण औषध थांबवणं काकूंच्या हातात नव्हतं. त्या त्याला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या आणि चारही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एवढे दिवस ते एकत्र कुणी पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनी पाहिले, पोरीला तपासलं आणि पेनाला टोपण लावलं. औषध नको, तपासणीही नको. ताप आला किंवा जळजळ झाली तर मात्र त्याच दिवशी यायचं.

घड्याळजीला आभार मानायचे होते, पण काकू खिडकीमागे परतल्या होत्या. रांगेतून पुढे होत तो काचेपाशी वाकला.

"काकू," एवढंच म्हणाला.

"पोरगी भूक लागली म्हणतेय," आतून आवाज आला. "आधी तिला जेवायला घाला."

लेकीला खांद्यावर घेऊन तो निघाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती जेवण मागत होती.