मोटारींचा पट आणि जावयाचा चहा

पुण्याहून निघालो तेव्हा हातात वळकटी होती आणि डोक्यात वामनरावांची बडबड. वामनराव माझे शेजारी. विलायती साप्ताहिकांतली मोटार-शर्यतींची चित्रे पाहून त्यांचे ठाम मत झाले होते की जगात याच्याइतके थरारक दुसरे काही नाही. जी वस्तू नीट बघायच्या आत निघून जाते तिच्यात बघायचे काय, असे माझे म्हणणे. या विषयावर आमच्या ओट्यावर इतकी भांडणे झाली होती की दोन्हीकडची मंडळी दारे लावून घेत. अशात वाशीमहून माझा कॉलेजातला मित्र आबासाहेब वकील याचे बोलावणे आले. तिथे मोटारींची शर्यत ठरली होती आणि एक मोटार आबासाहेबाची होती. "जा, डोळ्यांनी बघून या आणि मग तोंड उघडा," वामनराव म्हणाले. मी निघालो.

अकोल्याला छोटी गाडी धरली. तिला कसली घाई नव्हती, आणि तिच्या ड्रायव्हरला प्रत्येक स्टेशनात कोणाशी तरी बोलायचे असे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, मध्ये तुरीचे पट्टे. समोरच्या बाकावर वांग्यांच्या टोपल्या सांभाळत एक माळी बसला होता.

"कुठी चालले?" त्याने विचारले.

"वाशीमला. मोटारींची शर्यत पाहायला."

"म्हंजे मोटारीचा पट!" पट म्हणजे इकडची बैलजोड्यांची शर्यत. त्याने थोडा विचार केला. "पटात बैलाचा सीना दिसते, धुरकऱ्याची (जोडी हाकणाऱ्याची) छाती दिसते. मोटारीचं काय पाहाचं? चाक?"

हा माणूस वामनरावांच्या ओट्यावर बसवायला हवा होता, असे मला फार वाटले.

वाशीमात आबासाहेबाने मोठे स्वागत केले. रात्री रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. भाजी तोंडात टाकली आणि पुढचा बराच वेळ आबासाहेब बोलत होता, मी नुसता पाणी पीत होतो. त्याची सगळी गोष्ट कापसाचा जिन चालवणाऱ्या एका शेठजींभोवती फिरत होती. शेठजींनी नवी मोटार आणली होती आणि क्लबात येता-जाता ते आबासाहेबाच्या जुन्या मोटारीला 'खटारा' म्हणत. यावरून शब्दाला शब्द वाढला आणि शर्यत ठरली. वाशीमहून निघायचे, जऊळक्याच्या स्टेशनाबाहेरच्या निंबाला वळसा घालायचा आणि परत वाशीमला यायचे. जऊळकाच का, तर त्यापुढे मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. जऊळक्याच्या पाटलाला तोंडी निरोप गेला होता: मोटारी येणार आहेत, व्यवस्था ठेवा. म्हणजे रस्त्यावरची ढोरे हटवा.

"उद्या हरलो तर मोटार विकून टाकतो," आबासाहेब हात धुता धुता म्हणाला. "पुन्हा आपली दमणी बरी."

अंगणात त्याचा ड्रायव्हर गफूर मोटारीचे पितळी दिवे घासत होता. त्याचा हात थांबला. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, आणि मोटार येण्यापूर्वी हा गफूर तीच हाकत असे. मोटार शिकला तसा त्याचा भाव वधारला आणि जऊळक्याच्या रहीमचाचा पिंजाऱ्याने आपली मुलगी दिली ती मोटारवाल्याला, गाडीवानाला नव्हे. नुकताच झालेला जावई. मला त्याची काळजी वाटली, आणि खरे सांगायचे तर शर्यतीत मन गुंतले ते त्या क्षणी.

"खरी मजा वळणावर," असे आबासाहेबाने बजावल्यामुळे मी सकाळच्याच गाडीने जऊळक्याला जाऊन बसलो. स्टेशनाबाहेर येऊन पाहतो तो निंबाला आंब्याच्या पानांचे तोरण. खाली बाज, बाजेवर नवी गोधडी, शेजारी पाण्याचे घंगाळ, आणि तीन दगडांच्या चुलीवर चहाचे आधण. सगळा गाव धुतलेल्या कपड्यांत. मी पाटलांना विचारले, हे काय?

"निरोपच आला ना, येवस्था ठेवा म्हनून," पाटील म्हणाले. "जावई येऊन राह्यला म्हनल्यावर येवस्था म्हंजे काय, हे आमाले शिकवा लागते काय? रहीमचा जावई तो गावाचा जावई. त्याच्या मानासाठीच तं वळण आमच्या गावाले ठेवलं."

मी घाईघाईने समजावले की मोटार थांबणार नाही.

"थांबत नाई? मंग येते कायले?"

"वळायला."

"नुसतं वळाले? वाशीमहून?" पाटलांनी आजूबाजूला पाहिले. रहीमचाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मोटार मशीन हाय, ते नाई थांबन. जावई थांबन."

त्यानंतर आम्ही मोटार-शर्यत पाहत बसलो. म्हणजे रस्ता पाहत बसलो. ऊन वर आले. एक शेळी येऊन तोरणाची दोन पाने खाऊन गेली, तर लोकांना केवढी करमणूक झाली. झाडावर बसवलेला माणूस एकदा "आली!" म्हणून ओरडला, ती गुरांची धूळ निघाली. पुन्हा ओरडला, ती वावटळ होती. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा कोणी उठलेच नाही. मी मनातल्या मनात वामनरावांना चांगले फैलावर घेत होतो. विलायतेत लोक यासाठी तिकीट काढतात म्हणे!

तिसऱ्या वेळची धूळ मात्र मोटारीची होती. पुढे गफूर होता. खटारा पुढे होता! शेठजींची धूळ बरीच मागे, दूरच्या वळणावर दिसत होती. मी उभा राहून टोपी हलवू लागलो. मोटार निंबाला वळली आणि तिच्या तोंडापुढे, भर रस्त्यात, हातात कपबशी घेऊन रहीमचाचा उभा.

गफूरने ब्रेक दाबला. मोटार कण्हत थांबली. आत गळ्यापर्यंत मफलर गुंडाळून, डोळ्यांवर धुळीचा चष्मा लावून आबासाहेब बसला होता. काय होतेय हे कळायला त्याला थोडा वेळ लागला आणि मग तो कोर्टातल्या आवाजात ओरडला, "गफूर! उतरलास तर उद्यापासून दमणी!"

हे सगळ्या गावाने ऐकले. कोणी हलले नाही. पलीकडच्या घराच्या दाराच्या फटीतून गफूरच्या सासूचे डोळे दिसत होते. रहीमचाचाने कपबशी आणखी पुढे केली. गफूरने एकदा मागे वाढत येणाऱ्या धुळीकडे पाहिले, एकदा सासऱ्याकडे. मी निंबाचा आधार घेतला. जाऊ नको, असे मला वाटत होते, आणि उतरूही नको, असेही वाटत होते.

तो उतरला.

एंजिन मात्र चालूच ठेवले. चहा कढत होता. त्याने तो बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. गाव श्वास रोखून त्या बशीकडे पाहत होता. धूळ जवळ आली. दुसरा घोट. आता शेठजींच्या मोटारीचा आवाजही ऐकू येऊ लागला. "पटकन पी रे बाबा!" हे मी मोठ्याने म्हणालो. तेवढ्यात पाटलांनी आबासाहेबाच्या गळ्यात हार घालून त्याच्याही हातात पेला दिला होता. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणार कसे? तोही फुंकर मारू लागला, मधूनच "चल, चल" म्हणत.

शेठजींची मोटार आली, निंबाला वळली आणि आमच्या सगळ्यांच्या चहात धूळ घालून निघून गेली. पाटील हातात कप घेऊन मागे धावले. "ओ पाहुने! चाय तं घेऊन जा!"

ती थांबली नाही. "काई रीत नाई लोकाले," पाटील परत येऊन म्हणाले.

गफूरने बशी पुसल्यासारखी रिकामी केली, सासऱ्याला सलाम केला आणि मोटार अशी काही सोडली की कोंबड्या छपरावर चढल्या.

संध्याकाळच्या गाडीने मी वाशीमला परतलो. खटारा हरला होता, पण अगदी थोडक्यात. वाशीमकरांना विचारले, कशी झाली शर्यत? दोन धुळी गेल्या आणि दोन धुळी आल्या, एवढेच त्यांनी पाहिले होते. आबासाहेबाने जन्मात पहिल्यांदा बोललेला शब्द पाळायचे ठरवले, तेही नको त्या वेळी. मी तिथे असतानाच मोटार विकली गेली. मी त्याला गफूरसाठी पुष्कळ सांगून पाहिले. तो म्हणाला, "दमणी हाकायलाही माणूस लागतोच की."

मला स्टेशनवर पोचवायला तीच दमणी आली, आणि धुरेवर गफूर. मीच धीर करून विचारले, "सासरी कळले का?"

"कळलं. बायको बोलून नाई राह्यली. येवढंच म्हनते, आता मायच्या गावात कोन्त्या तोंडानं जाऊ." त्याने एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "अन् साहेब, चाय तं धुरकट होती. साखर पन नाई."

"मग उतरलास काहून रे?" माझ्याही तोंडात आता इकडचे शब्द येऊ लागले होते.

"न उतरतो तं जातो कुठी?" तो माझ्याकडे वळून रागानेच म्हणाला. "वाशीमलेच ना? निघालो व्हतो तिथूनच तं!"

त्याचे डोळे भरून आले होते. स्टेशनवर त्याने माझी वळकटी उचलून डब्यात ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत तो बैलांशी काहीतरी करत पाठमोरा उभा राहिला.

पुण्याला आलो. वामनराव ओट्यावर वाटच पाहत होते. मी प्रामाणिकपणे सगळे सांगितले. मोटार धावत असते तोवर शर्यतीसारखा कंटाळा दुसरा नाही. पण ती उभी असताना एका माणसाने बशीभर चहा पिताना मी पाहिले, तेव्हा माझे काळीज तोंडात आले होते, आणि ते अजून पुरते जागेवर गेलेले नाही. विलायतेतल्या मंडळींनी प्रत्येक ड्रायव्हरची सासुरवाडी वाटेत ठेवली तर मी स्वखर्चाने जाऊन बघेन.

"ते राहू द्या हो," वामनराव वैतागून म्हणाले. "जिंकला कोण? शेठजींची मोटार हाकत कोण होता?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. त्याचे नाव मला जऊळक्यात कोणी सांगितले नव्हते आणि वाशीमात मी विचारले नव्हते.